वाचून दाखवलेली खोली

१

बाबांची नजर काचबिंदूनं हळूहळू खात आणली आणि दोन हजार सहाच्या पोळ्यापर्यंत पुरती संपवली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेला माणूस. सकाळी कुणाचं तरी लिहिलेलं कानावर पडलं नाही, तर दिवसभर चिडचिड करायचे. मी त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. चार महिन्यांत बाबा त्यालाही कंटाळले.

"तेच पुढारी, तेच अपघात," ते म्हणाले. "दुसरं कोनी काही लिहीतच न्हाई का गं, बेबी?"

मी बेबीनंदा. मंठ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माझा संसार दोन वर्षांत मोडला, तेव्हापासून मी आणि बाबा, तातेराव गुरुजी, दोघंच. घरात तीन खोल्या एका ओळीत: पुढे बाबांची, मध्ये माझी, मागे स्वयंपाकाची. बाबांच्या खोलीसमोर लहानसं अंगण. प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून घेतलेला कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत होता, कारण टेलिफोनची वायर तिथंच यायची.

फीड रीडर मला कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं दाखवला. आवडत्या साईट एकदा नोंदवून ठेवायच्या. मग त्यांच्या दारी रोज जायला नको. कुणी नवं काही लिहिलं की ते आपोआप आपल्या यादीत येऊन पडतं. नवं आलेलं नाव ठळक होतं, पुढे कंसात आकडा दिसतो. वाचलं की आकडा जातो. एखाद्याची नोंदणी काढून टाकली की तो यादीतून गेला.

आमच्या यादीत एकतीस नावं होती. केनियात भाजीपाला लावणारी एक पुण्याची बाई. मोडी कागद वाचणारे एक आजोबा. एक जण फक्त पतंगांचे फोटो टाकायचा, ते मी बाबांना वर्णन करून सांगायची. सकाळी सहा ते साडेआठ लाईट असायची. बाबा वंदना आटोपून खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हं. घ्या हजेरी." मी वरून खाली नावं वाचायची. ज्याचा आकडा असेल तो हजर.

बाबांचा सगळ्यात लाडका होता भुजंगराव नावाचा माणूस. हसनाबादचा, भूमापन खात्यातून निवृत्त झालेला. तो जुन्या विहिरींवर लिहायचा. पायऱ्या किती, तोंड कुठल्या दिशेला, काठापासून पाणी किती हात खाली. एक शब्द जास्त नाही. बाबांनी त्या भागात बरीच वर्षं नोकरी केलेली, त्यामुळे निम्म्या विहिरी त्यांच्या पाहण्यातल्या.

"बराबर लिहितो गडी," ते म्हणायचे. "मापात."

२

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर भुजंगराव महिनाभर गैरहजर होता. बाबा रोज विचारायचे. डिसेंबरच्या एका सकाळी त्याचं नाव ठळक झालं. मी उत्साहानं उघडलं.

"खोली. पूर्व-पश्चिम बारा फूट, दक्षिण-उत्तर दहा. दारं दोन. खिडक्या दोन. कोनाडे तीन."

एवढंच.

"इहिरी संपल्या वाटतं," बाबा हसले. "आता खोल्या मोजून राह्यलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्या खोलीवाणीच हाय की ही."

मी टेप आणून मोजलं. बारा बाय दहा. दारं दोन, एक अंगणात, एक माझ्या खोलीत. खिडक्या दोन, कोनाडे तीन. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडचे गवंडी सगळ्या खोल्या त्याच मापात बांधतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या घरी अशीच खोली निघाली असती. मी तसं बाबांना सांगितलं आणि पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नोंद आली. फक्त शेवटी होतं, "कोनाडे दोन."

"काल चुकला आसंल," बाबा म्हणाले.

३

त्या दिवशी मी कॉलेजातून आले तर बाबा भिंतीला तोंड करून उभे होते. डाव्या हाताला कोनाडा, त्यात त्यांच्या डोळ्यांचे थेंब, तपकिरीची डबी आणि काडेपेटी. तिन्ही वस्तू मला दारातूनच दिसत होत्या.

"बेबी, हितला कोनाडा बुजवला का कोनी?"

"समोर तर आहे, बाबा."

"कुठंय?"

मी त्यांचा हात धरून कोनाड्याकडे नेला. हात भिंतीवरून सरकत कोनाड्याच्या कडेला आला आणि तसाच पुढे गेला. आत वळला नाही. पोकळीवरून, सपाट, पलीकडच्या भिंतीवर. बोटं कुठंही खाली गेली नाहीत.

"सपाट हाय," ते म्हणाले.

मी माझा हात आत घातला आणि थेंबाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ मुठीत धरून ठेवली.

मला वाटलं, त्यांनी हात मुद्दाम ताठ धरला असेल. म्हातारपणी माणसं हट्टाला पेटतात.

४

पुढच्या आठवड्यात उरलेले दोन्ही कोनाडे गेले. म्हणजे नोंदीतून गेले, आणि बाबांच्या हातालाही लागेनात. मी त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोकं तपासलं, बोटांच्या टोकांना सुई टोचून पाहिली, फोटो काढले. सगळं ठीक निघालं. नजर गेल्यावर मेंदू कधी कधी असे खेळ करतो, म्हणाले. मला ते पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

परतीच्या एसटीत वाटूरच्या पुढे बाबा म्हणाले, "तू वाचती तवा जातंय ते."

"असं काही नसतं, बाबा."

"न्हाई म्हण. पन दोन दिस वाचू नको. बघू."

दोन दिवस मी वाचलं नाही. भुजंगरावच्या नावापुढे दोनाचा आकडा चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीशी बसले होते. बाहेर गार वारा सुटला होता, पडदा उडत होता, टेबलावरचे पेपर मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दाबले होते.

"खिडकी लावलीय की उघडी हाय?" त्यांनी विचारलं.

"उघडीच आहे."

"वारं लागत न्हाई." त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "आता वाच बरं. त्यात काय लिव्हलंय?"

मी नोंद उघडली. खिडकी एक, असं होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. "काही नवं नाही," म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानाला खोटा लागला. चौतीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला मास्तर तो; त्यानं फक्त मान हलवली.

मी नोंदणी काढून टाकली. खात्री करून घेतली: यादीत आता तीसच नावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात खाली एकतिसावं नाव होतं, ठळक, पुढे एकाचा आकडा. मी पुन्हा काढलं. ते पुन्हा आलं. शेवटी बाबाच म्हणाले, "वाचत जा. न वाचता बी जातंयच. निदान काय ऱ्हायलं ते तरी मला म्हाईत असू दे."

५

अंगणाकडचं दार संक्रांतीच्या आधल्या दिवशी गेलं. बाबा काठी घेऊन सकाळी ऊन खायला निघाले. दार सताड उघडं होतं, उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. मी माझ्या खोलीतून पाहत होते. त्यांनी नेहमीसारखी काठी पुढे टाकली.

टक.

मोकळ्या हवेत, उंबऱ्याच्या वर. त्यांनी काठी थोडी बाजूला घेतली. टक. वर. टक. आवाज भिंतीवर काठी मारल्याचा होता, आणि तो मी ऐकला. त्याच दारातून शेजारच्या द्वारकाबाई वाटी घेऊन आत आल्या, बाबांच्या बाजूनं, सहज. "गुरुजी, तीळगूळ उद्या, आज भोगीची भाजी आन्ली," म्हणाल्या. बाबांनी त्यांच्या आवाजाच्या दिशेनं दोन पावलं टाकली, त्या ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं. कपाळ आदळून मागे आले.

आतलं दार चार दिवसांनी गेलं. त्या दिवशी मी माझी सगळी बुद्धी गुंडाळून ठेवली. बाबांचा हात धरला आणि त्यांना दारातून ओढलं. मी उंबऱ्यापलीकडे, ते अलीकडे. त्यांचा हात चौकटीपर्यंत आला आणि थांबला. मी जोर केला. त्यांची बोटं माझ्या मुठीतून सुटून मागे वाकली, उताणी, भिंतीवर दाबल्यासारखी. बाबा ओरडले. मी सोडलं.

त्यांच्या नखांत पांढरं काहीतरी होतं. मी ओल्या फडक्यानं काढलं. चुना. आमच्या भिंतींना ऑइलपेंट आहे.

मग मी त्यांची सगळी सोय खोलीतच केली. मी जात होते, येत होते, ताट नेत होते, भांडी आणत होते. मला काही अडत नव्हतं. ते आपल्या कॉटवर बसून माझ्या पावलांकडे कान लावायचे, मी भिंतीतून येते तो क्षण पकडण्यासाठी.

"कशी येती गं तू?" एकदा त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात हेवा होता. बापानं लेकीला असं विचारू नये असा.

६

द्वारकाबाईंना बाबांपाशी बसवून मी हसनाबादला गेले. मंठ्याहून जालना, तिथून भोकरदनची गाडी. स्टँडवर भुजंगरावांचं नाव घेताच एका माणसानं घर दाखवलं.

दार त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी उघडलं. मी मंठ्याची, तुमच्या मालकांचं लिखाण रोज वाचते, म्हटल्यावर त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"कवाचं वाचताय?"

"कालच आलं होतं नवीन."

"म्याडम, दिवाळीपास्नं त्यांनी त्याला बोट लावलेलं न्हाई." त्यांनी ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. कॉम्प्युटरवर जुनी साडी टाकलेली होती, वायर गुंडाळून वर ठेवलेली. "फोन बी कापलाय."

मी विचारलं, ते कुठं आहेत. त्यांनी आतली खोली दाखवली. दार उघडं होतं.

भुजंगराव डोळस माणूस. मी आत पाऊल टाकलं तसे ते कॉटवरून ताडकन उठले.

"तुमी आत कुठून आलात?"

"दारातून."

"कोन्त्या बाजूनं? जल्दी हात लावून दाखवा."

मी चौकटीला हात लावला. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी तळवा चौकटीच्या मधोमध, मोकळ्या जागेत टेकवला. मी तो तळवा पलीकडच्या बाजूनं पाहिला, कारण मी एक पाय बाहेर टाकला होता. दाबानं त्याच्या रेषा सपाट झाल्या होत्या. मधलं मांस पांढरं पडलं होतं, काचेवर दाबल्यासारखं.

"हितं न्हाई," ते म्हणाले.

"भुजंगराव, तुम्ही लिहिणं थांबवा," मी म्हणाले. "माझे वडील आंधळे आहेत. त्यांच्या खोलीत आता काही उरलं नाही."

ते परत कॉटवर बसले.

"मी न्हाई लिहीत," ते हळू म्हणाले. "माझ्या यादीत बी ते आसंच आल्तं, दुसऱ्याच्या नावानं. मला वाटलं, आता माझ्या खोलीचं तुमी लिहून राह्यल्यात."

उषाबाई मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. गाडी लागली तरी त्या माझा दंड सोडेनात.

"सांगावं का नको, कळत न्हाई. पन बापाचं म्हनलात. आधी माझ्या सासूबाईंचं झाल्तं आसं. आईंला खोलीतून भायेर येता येईना. मंग ह्यांनी सोता लिव्हलं, आईच्या खोलीला दार हाय, उघडं हाय. आन् वाचून दाखवलं. दुपारून आई चालत वसरीत आल्या. बिलकुल चांगल्या. तीन म्हैने जगल्या, सुखानं गेल्या."

"मग?"

"मंग काय म्याडम. बघितलं की तुमी."

७

मी दुपारी दोनला घरी पोचले. द्वारकाबाई अंगणातच भेटल्या, घाबरलेल्या.

"गुरुजींला ऐकू यीना झालंय. मी हाका मारून राह्यले, ते आपले गप."

मी आत जाऊन हाक मारली. बाबांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या हाताला हात लावला तेव्हा ते दचकले.

"कोण? बेबी? जोरात बोल. लांबून येतोय तुझा आवाज."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून ओरडून सगळं सांगितलं. उषाबाईंचं शेवटचं बोलणंसुद्धा. लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. ते ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा पूर्वी वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यावर व्हायचा तसा होत गेला.

"न्हाई लिव्हायचं," ते म्हणाले.

"बाबा..."

"बहात्तर वर्षांचा म्हातारा मी. जेवन येतं, हातरून हाय. माझं काय आडलंय? तू चाळिशीच्या आतली. तुझा जलम हाय पुढं."

"उद्या माझा आवाजही येणार नाही तुम्हाला."

 माझा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि त्या पकडीवरून मला कळलं की त्यांनाही ते ठाऊक आहे. न दिसणारा, न ऐकणारा माणूस, चार भिंतींत. माझा स्पर्श तेवढा उरेल. नोंदीत उद्या त्याचीही ओळ आली, तर?

लाईट चारला यायची होती. दोन तास मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मी स्वतःला सांगत होते की भुजंगराव वेडा आहे, बाबांना झटका आला आहे, आणि मी उद्या त्यांना गाडी करून औरंगाबादला नेणार आहे. कशातून नेणार, हा प्रश्न आला की विचार तिथंच आदळून परत यायचा.

चार वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. यादीत भुजंगरावचं नाव ठळक होतं. मी ते उघडलं नाही. नवा ब्लॉग सुरू केला, नाव विचारलं तिथं नुसतं एक टिंब दिलं, आणि लिहिलं:

"खोली. पूर्व-पश्चिम बारा फूट, दक्षिण-उत्तर दहा. दार एक, अंगणाकडे. उघडं."

बटणावर बोट ठेवून मी मागे पाहिलं. बाबा कॉटवर, मान एका बाजूला कलंडून, काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. मी बटण दाबलं.

मग त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून वाचलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना ते म्हणाले, "ओरडू नको. ऐकू यायलंय."

ते उठले. काठी पुढे केली. काठी उंबऱ्यावरून पलीकडे गेली आणि अंगणातल्या फरशीवर टेकली. बाबा एक क्षण थांबले. मग ते बाहेर गेले, चार पावलं, आणि उन्हात तोंड वर करून उभे राहिले. त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. द्वारकाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला हसू आलं, इतकं, की मला खाली बसावं लागलं.

८

सतरा दिवस झाले. मी रोज सकाळी ती नोंद लिहिते आणि बाबांना वाचून दाखवते. आता दारं दोन लिहिते, खिडक्या दोन, कोनाडे तीन. भुजंगरावचं नाव यादीतून आपणच गेलं. बाबा माझ्यावर रागावून तीन दिवस बोलले नाहीत, मग बोलायला लागले. उषाबाईंना मी पत्र लिहिलं, माझ्या नोंदीसारखं भुजंगरावांसाठीही लिहू का म्हणून. उत्तर आलेलं नाही.

स्वतःचं म्हणाल तर मी रोज उठल्या उठल्या हात फिरवून पाहते. माझी खोली, मग मागची. दारं, खिडक्या, फडताळ. सगळं जागच्या जागी. कॉलेजला जाते, फळ्यावर गणितं सोडवते, येते. भुजंगरावला भ्रम झालेला असणार, आणि बाबांचं ते काय होतं ते एखादा मोठा डॉक्टर सांगू शकेल, असं मला आता पुष्कळदा वाटतं.

आज रविवार. कुणाच्या तरी शेतातून हुरडा आला आहे आणि बाबा अंगणात द्वारकाबाईंना त्यांच्या पहिल्या शाळेची गोष्ट सांगताहेत. मोठ्यानं हसताहेत. मी मागच्या खोलीत भाकरी उरकत होते.

"बेबी, तांब्याभर पानी आन गं," त्यांनी हाक मारली.

"आणते."

मी माठातून तांब्या भरला आणि निघाले. समोर माझी खोली दिसत होती, तिच्यापुढे बाबांची, त्यापुढे अंगण, उन्हात बसलेले बाबा. तिन्ही दारं एका ओळीत, उघडी.

ठण्ण.

तांब्या माझ्या हातात हेलकावला. पाणी पुढे उडालं आणि हवेत थांबलं. मग ते खाली ओघळू लागलं, हळूहळू, उंबऱ्याच्या बरोबर वर, गिलाव्यावरून ओघळावं तसं, वाटेत कुठे कुठे अडत. त्या ओल्या ओघळांमागे बाबांनी मान वळवलेली मला दिसली.

"काय पडलं गं?"

मी मोकळा हात पुढे केला आणि टेकवला. गार होतं.

"काही नाही, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही सांगा त्यांना पुढं. आलेच मी."